तंबाखूचं पीप आणि विधिमंडळातली जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेला अडीचशे वर्षं होत असल्याच्या निमित्तानं आपल्या रविवार पुरवणीत व्हर्जिनिया वसाहतीतला मळेवाला आणि विधिमंडळ सदस्य लँडन कार्टर (१७१०–१७७८) याच्यावर लेख आला. निवड चांगली होती. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्यापलीकडे त्या काळात आपल्याकडे फारसं कोणी डोकावत नाही. पण लेखात कार्टरच्या आयुष्याचे दोन कप्पे केले आहेत. एका कप्प्यात तो शेती बघतो आणि रोजनिशी लिहितो; दुसऱ्यात वसाहतीच्या राजधानीत, विल्यम्सबर्गला जाऊन इंग्लंडच्या करांविरुद्ध भाषणं करतो. प्रत्यक्षात विधिमंडळात तो ज्या कायद्यांवर हुज्जत घालत होता त्यांतले बरेच त्याच्याच तंबाखूच्या वजनाचे, प्रतीचे, भावाचे आणि तो पिकवणाऱ्या गुलामांचे होते. ही सांगड न घातल्यामुळे लेखात सगळा भार बॉस्टनच्या चहावर, म्हणजे कराच्या निषेधात बंदरात चहा फेकल्याच्या प्रसंगावर, पडला आहे. पत्र थोडं लांबलं आहे. जागेप्रमाणे कात्री लावायला हरकत नाही.

लेखातला पहिला ढोबळ घोटाळा म्हणजे कार्टरला ‘कष्टानं वर आलेला शेतकरी’ म्हटलंय. त्याचा बाप रॉबर्ट कार्टर याला लोक ‘किंग’ कार्टर म्हणत. रॅपाहॅनॉक आणि पोटोमॅक नद्यांमधला नॉर्दर्न नेक हा पट्टा फेअरफॅक्स घराण्याच्या मालकीचा, आणि तिथल्या जमिनी वाटून देणारा कारभारी हा रॉबर्ट. त्यानं उत्तमोत्तम तुकडे स्वतःच्या मुला-नातवांच्या नावे केले. १७३२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याकडे तीन लाख एकरांच्या आसपास जमीन होती. लँडनला त्यातले अनेक मळे मिळाले, शाळा इंग्लंडमध्ये झाली, आणि रिचमंड काउंटीत (जिल्ह्यात) त्यानं १७३८ च्या सुमारास सॅबाइन हॉल हा वाडा बांधला. अखेरीस त्याच्याकडे सुमारे पाचशे गुलाम होते. काउंटीच्या न्यायालयात न्यायाधीश, मिलिशियात (स्थानिक नागरिकांच्या फौजेत) कर्नल, चर्चच्या कारभारी मंडळात सदस्य, ही पदं अशा घरात जवळपास वारसा म्हणूनच येत.

आता तंबाखू. लेखात ‘तंबाखूचं पीक घेत असे’ एवढंच एक वाक्य आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

बी मोहरीहूनही कितीतरी बारीक. ते राखेत किंवा वाळूत मिसळून जानेवारी ते मार्चमध्ये वाफ्यावर टाकत. त्याआधी वाफ्यावर झाडोरा जाळायचा, म्हणजे तण आणि किडे मरतात आणि राखही मिळते. वर फांद्या अंथरून थंडीपासून राखायचं. तरू (वाफ्यातलं रोप) कोवळं असताना बारीक उडते भुंगे पानं चाळणीसारखी करून टाकत आणि अख्खा वाफा एका आठवड्यात जाई, म्हणून शहाणा मळेवाला चार-पाच ठिकाणी वाफे टाकी आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त बी पेरी. मे महिन्यात लागवड, तीही पाऊस पडून जमीन ओली झाल्यावरच. कुदळीनं तीन-चार फुटांवर मातीचे उंचवटे करून ठेवलेले असत. पाऊस आला की सगळ्यांनी वाफ्यावर धावायचं आणि प्रत्येक उंचवट्यात एक रोप खोचायचं. पाऊस लांबला तर तरू वाफ्यातच जून होऊन वाया जातं. एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन एकर, म्हणजे आठ-दहा हजार रोपं येत.

पुढे खुरपणी, खालची मातीला टेकलेली पानं काढणं आणि शेंडा खुडणं. शेंडा खुडताना आठ ते बारा पानं राखायची. जास्त राखली तर पान पातळ पडतं, कमी राखली तर वजन जातं. शेंडा गेला की रोप बगलेतून फुटवे काढतं, ते दर आठवड्याला मोडावे लागतात. शेपटावर शिंगासारखा काटा असलेली, बोटाएवढी जाड हिरवी अळी हातानं वेचून चिरडायची. काही ठिकाणी या कामाला टर्की पक्षी सोडत. ऑगस्ट-सप्टेंबरात पान जाड होऊन त्यावर पिवळट ठिपके दिसू लागले की कापणी. लवकर कापलं तर पान कच्चं वाळतं, उशीर केला तर थंडीचा कडाका सगळं काळं करतो.

मग कोठारात काठ्यांवर टांगून चार ते सहा आठवडे वाऱ्यावर वाळवायचं. खरी परीक्षा त्यानंतर. पान काठीवरून उतरवायचा मुहूर्त हवेतल्या ओलाव्यावर ठरतो. पान हातात घेऊन ताणलं तर चामड्यासारखं ताणलं जावं, चुरा होता कामा नये आणि हाताला ओलही लागता कामा नये. कोरडं भरलं तर पिपात दाबताना भुगा होतो. ओलं भरलं तर जहाजाच्या पोटात दोन-तीन महिने कुजतं आणि लंडनला खत पोचतं. चूक झाली हे मळेवाल्याला कळायचं ते पुढच्या वर्षी व्यापाऱ्याचं पत्र आल्यावर! पानं निवडून, जुड्या बांधून, लांब दांड्याच्या तरफेनं थरावर थर दाबत लाकडी पीप भरायचं: उंची ४८ इंच, तोंडाचा व्यास ३० इंच, आत हजार रतल (एक रतल म्हणजे साधारण अर्धा किलो) किंवा त्याहूनही जास्त माल. हे चालू असतानाच पुढच्या वर्षीचं बी वाफ्यात पडलेलं असे. एक पीक हातावेगळं व्हायला वर्षाहून जास्त काळ लागतो, त्यामुळे गुलामाला मोकळा हंगाम असा नव्हताच. जमीनही तीन-चार पिकांत थकते, मग तिथे मका, मग वीसेक वर्षं पडीक. लाखो एकरांची हाव कुठून येते ते इथे कळतं. निव्वळ बडेजाव म्हणून एवढी जमीन कोणी धरून ठेवत नसे.

इथून विधिमंडळाकडे यायला फार चालावं लागत नाही. १७२० च्या दशकात व्हर्जिनियाचा माल बदनाम झाला होता. पिपाच्या वरच्या थराला चांगली पानं, पोटात कचरा आणि देठ. भाव कोसळले. लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम गूच यानं १७३० मध्ये तपासणीचा कायदा करून घेतला. नदीकाठी सरकारी गोदामं, प्रत्येकावर जामीन भरलेले तपासनीस. पीप गोदामात आलं की फोडायचं, पान बघायचं. टाकाऊ निघालं तर मालकाला निवडून वेगळं करायची मुभा, उरलेलं जाळून टाकायचं. पास झालेल्या पिपावर गोदामाचं नाव आणि वजन डागायचं आणि मालकाला पावती द्यायची. लहान शेतकरी यावर भडकले, कारण कचरा मिसळून का होईना, कर भरण्याइतकं वजन त्यांना भरून काढावं लागे. १७३२ मध्ये काही गोदामं जाळण्यात आली. याआधी अलेक्झांडर स्पॉट्सवुड या गव्हर्नरनं १७१३ मध्ये असाच कायदा आणला होता आणि तपासनिसांच्या नेमणुका विधिमंडळ सदस्यांनाच वाटल्या होत्या. मतदारांनी पुढच्या निवडणुकीत त्यांतल्या बहुतेकांना घरी बसवलं आणि १७१७ मध्ये राजानं तो कायदा रद्द केला. गूच त्या मानानं सावध निघाला.

ती गोदामाची पावती म्हणजेच व्हर्जिनियाचा पैसा, ही गोष्ट लेखात अजिबात नाही. नाणं दुर्मीळ, म्हणून डोईपट्टी, न्यायालयाची फी, पाद्र्याचा पगार हे सगळं तंबाखूच्या रतलांत ठरे आणि पावतीनं चुकतं होई. डोईपट्टी कोणावर? सोळा वर्षांवरच्या गोऱ्या पुरुषांवर, आणि सोळा वर्षांवरच्या प्रत्येक गुलामावर, पुरुष असो वा स्त्री. गुलामाची पट्टी मालकानं भरायची. म्हणजे पट्टीच्या प्रत्येक वाढीला कार्टरसारख्याच्या हिशेबवहीत शेकड्यानं गुणायला लागे. काटकसरीवर तो विधिमंडळात एवढा अडून का बसे, हे या गुणाकारातून समजतं.

१७४८ च्या कायद्यानं पाद्र्याचा वार्षिक पगार १६,००० रतल तंबाखू ठरला होता आणि त्याला राजाची मंजुरीही होती. १७५८ मध्ये पीक बुडालं आणि भाव रतलाला साधारण सहा पेन्सवर गेला, नेहमीच्या सुमारे तिप्पट. विधिमंडळानं लगेच कायदा केला की तंबाखूतलं देणं वर्षभर रतलाला दोन पेन्स या दरानं रोखीत देता येईल. आकडेमोड करून बघा (एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगचे १२ पेन्स). १६,००० रतल सहा पेन्सनं ४०० पौंड होतात, दोन पेन्सनं १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. पाद्री संतापले. त्यांचं म्हणणं असं की भाव पडतो तेव्हा आम्हाला भरपाई मिळत नाही, मग चढला की आमचाच हिस्सा का कापता? मुद्दा बिनतोड होता असं माझं मत आहे. कार्टर आणि विधिमंडळातला त्याचा सहकारी रिचर्ड ब्लँड यांनी कायद्याच्या बाजूनं पत्रकं लिहिली. त्यांचा युक्तिवाद मात्र भावापेक्षा मोठा होता. राजानं मंजूर केलेला कायदा बदलायचा तर नव्या कायद्यात ‘राजाची संमती येईपर्यंत स्थगित’ असं कलम घालावं लागे. जहाजानं कागद लंडनला जाणार, तिथे मंडळासमोर पडून राहणार, उत्तर येईतो दुष्काळाचं वर्ष संपून पुढचं पीक गोदामात आलेलं असणार. हे कलम विधिमंडळानं घातलंच नाही आणि गव्हर्नर फॉकियरनं तरीही सही केली. १७५९ मध्ये राजानं कायदा नाकारला. जेम्स मॉरी या पाद्र्यानं हॅनोव्हर काउंटीत उरलेल्या पगारासाठी दावा लावला. डिसेंबर १७६३ मध्ये पॅट्रिक हेन्री या तरुण वकिलानं उलट बाजूनं भाषण केलं आणि ज्युरीनं मॉरीला नुकसानभरपाई दिली ती एक पेनी. स्वराज्याचा जो युक्तिवाद पुढे स्टँप कायद्याविरुद्ध (ब्रिटिश संसदेनं १७६५ मध्ये वसाहतींतल्या कागदपत्रांवर लावलेल्या कराविरुद्ध) वापरला गेला, त्याची रंगीत तालीम अशी एका पडलेल्या पिकावर झाली.

कार्टरचं पाद्र्यांशी जुनंही वाकडं होतं. १७४० च्या दशकात विल्यम के नावाच्या पाद्र्यानं गर्वावर प्रवचन केलं. कार्टरनं ते आपल्यावरच आहे असं धरलं आणि कारभारी मंडळातल्या सोबत्यांना हाताशी धरून त्याला चर्चबाहेर काढलं. के न्यायालयात गेला आणि जिंकला. कार्टरच्या स्वभावाचं एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. लेखासोबतच्या चित्रात मतपेटी दाखवली आहे. तशी काही नव्हती. काउंटी न्यायालयात शेरीफसमोर मतदार पुढे येऊन उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगे, कारकून लिहून घेई आणि समोर बसलेला उमेदवार उठून आभार मानी. १७३६ च्या कायद्यानं मताधिकाराला १०० एकर पडीक किंवा घरासह २५ एकर लागवडीची जमीन लागे. प्रत्येक काउंटीचे दोन सदस्य. मतदारांना दारू पाजणं कायद्यानं बंद होतं आणि सर्रास चालू होतं. १७५८ मध्ये वॉशिंग्टन फ्रेडरिक काउंटीतून निवडून आला तेव्हा त्याच्या मित्रांनी रम, पंच, वाइन, बिअर मिळून सुमारे १६० गॅलन रिचवायला दिली होती. कार्टरला हे लोकांत मिसळणं जमत नसे. तो आधी तीनदा पडला, १७५२ मध्ये निवडून आला आणि १७६८ मध्ये पुन्हा पडला. आपण लोकांशी सलगी केली नाही म्हणून पडलो, असं त्यानं स्वतःच रोजनिशीत नोंदवलं आहे. त्याच्या जागी पुढे त्याचा मुलगा रॉबर्ट वर्मली कार्टर गेला, ज्याच्या जुगारावरून बापलेकांची कायम जुंपलेली असे.

आणि कर्ज. मोठे मळेवाले माल लंडनच्या व्यापाऱ्याकडे विक्रीसाठी पाठवत. माल विकला जाईपर्यंत जोखीम मळेवाल्याचीच. विक्रीच्या रकमेतून जहाजभाडं, जकात, विमा, हमाली, गोदामभाडं, पीप दुरुस्ती आणि वर अडत्याची दलाली वजा होई. उरलेल्या पैशात तोच व्यापारी कापड, घोडागाडीचं सामान, पुस्तकं, औषधं घेऊन पाठवी. खरेदी बहुधा शिलकीपेक्षा जास्त होई आणि फरक पुढच्या पिकावर चढे. १६६० च्या नौकानयन कायद्यामुळे तंबाखू थेट हॉलंड-फ्रान्सला विकता येत नव्हता. तो आधी ब्रिटनला जाई आणि तिथून त्यातला मोठा भाग पुन्हा युरोपात. जून १७७२ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर फोर्डाइसच्या पेढीनं दिवाळं काढलं, पाठोपाठ इतर पेढ्या बसल्या, आणि व्यापाऱ्यांनी व्हर्जिनियातली उधारी एकदम मागायला सुरुवात केली.

त्याआधीच एक प्रकरण होऊन गेलं होतं आणि लेखात ते यायलाच हवं होतं. जॉन रॉबिन्सन १७३८ पासून विधिमंडळाचा सभापती आणि वसाहतीचा खजिनदारही. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धासाठी छापलेल्या कागदी नोटा करातून परत आल्या की जाळायच्या, असा कायदा. मे १७६६ मध्ये रॉबिन्सन वारला तेव्हा उघड झालं की सुमारे एक लाख पौंडांच्या नोटा त्यानं जाळल्याच नव्हत्या, कर्जात बुडालेल्या मळेवाल्या मित्रांना उसन्या दिल्या होत्या. त्यांतले बरेच जण विधिमंडळातच बसत. शेतकऱ्याचा कचरा तंबाखू चारचौघांत जाळणारं सरकार नोटा जाळताना मात्र मायाळू झालं! त्यानंतर दोन्ही पदं वेगळी केली: सभापती पेटन रँडॉल्फ, खजिनदार रॉबर्ट कार्टर निकोलस.

स्टँप कायद्याला झालेल्या विरोधाचं श्रेय लेखात एकट्या हेन्रीला दिलं आहे. कार्टरनं हे वाचलं असतं तर त्याचा तिळपापड झाला असता, कारण तो मरेपर्यंत सांगत राहिला की पहिला आवाज आपण उठवला. त्यात तथ्य आहे. डिसेंबर १७६४ मध्येच विधिमंडळानं राजा आणि ब्रिटिश संसदेची दोन सभागृहं, लॉर्ड्स आणि कॉमन्स, यांना तीन निवेदनं पाठवली होती आणि त्या कामात कार्टर होता. हेन्रीचे ठराव मे १७६५ च्या अखेरीस आले, अधिवेशन संपत आलं असताना. ११६ पैकी फक्त ३९ सदस्य हजर होते, बाकीचे घरी गेले होते. तंबाखूच्या लागवडीचा महिना कोणता ते वर आलंच आहे.

राहिला गुलामांचा प्रश्न. ‘कार्टर गुलामांशी कडक पण न्यायानं वागे’ हे लेखातलं वाक्य मागे घ्यावं. त्याच्या रोजनिशीत चाबकाच्या नोंदी हवामानाच्या नोंदींशेजारीच आहेत. न्यायाचं म्हणाल तर गुलामावर गंभीर आरोप आला की खटला ज्युरीशिवाय काउंटीच्या न्यायाधीशांसमोर चाले, आणि ते न्यायाधीश कार्टरसारखे मालकच. फाशी झाली तर मालकाला सार्वजनिक पैशातून गुलामाची किंमत मिळे. १७२३ च्या कायद्यानं गव्हर्नर आणि त्याच्या सल्लागार मंडळाच्या (कौन्सिलच्या) परवानगीशिवाय गुलामाला मुक्तही करता येत नसे. नॅसॉ हा त्याचा गुलाम आजाऱ्यांच्या शिरा तोडून रक्त काढण्यात इतका तरबेज होता की मळ्यावरचं वैद्यकीय काम बरंचसं त्याच्या हातून होई, आणि दारू प्यायल्याबद्दल शिक्षाही त्यालाच होई.

नोव्हेंबर १७७५ मध्ये गव्हर्नर डनमोरनं बंडखोरांच्या गुलामांना राजाच्या फौजेत आल्यास मुक्ती जाहीर केली. २५ जून १७७६ च्या रात्री मोझेस, जो, बिली, टॉम आणि आणखी काही जण सॅबाइन हॉलमधून बंदूक, दारूगोळा आणि होडी घेऊन डनमोरकडे निघून गेले. त्यानंतर कार्टरला स्वप्न पडलं की त्यांतला एक जण रोडावून परत आलाय आणि आपल्याला माफी मिळवून द्या म्हणून विनवतोय. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. ‘न्यायानं वागे’ म्हणणाऱ्या लेखकानं निदान ही नोंद वाचायला हवी होती.

शेवटी एक तांत्रिक दुरुस्ती. लेखातल्या सगळ्या रकमा ‘पौंड’ अशा छापल्या आहेत. व्हर्जिनियाचा पौंड आणि इंग्लंडचा स्टर्लिंग पौंड एक नव्हेत. १७४९ च्या कायद्यानं स्टर्लिंगमधलं देणं व्हर्जिनियाच्या चलनात फेडताना पंचवीस टक्के जास्त मोजावे असं ठरलं, म्हणजे १०० स्टर्लिंगला १२५. बाजारातला दर याहून वर गेला की ब्रिटिश व्यापारी बुडत, म्हणून त्यांनी आरडाओरडा केला आणि १७५५ मध्ये दर ठरवण्याचा अधिकार न्यायालयांना दिला गेला. ती न्यायालयंही मळेवाल्यांचीच. लंडनच्या व्यापाऱ्याचं देणं स्टर्लिंगमध्ये धरावं, पाद्र्याचा पगार आणि रॉबिन्सनच्या नोटा व्हर्जिनियाच्या चलनात. लेखाचा पुढचा भाग यायचा असेल तर प्रत्येक आकड्यापुढे कोणता पौंड ते छापावं.

आपला,
एक वाचक